रामटेके सिस्टरांची वीट

रामटेके सिस्टर आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात ट्रंक होती, खांद्याला पाण्याची बाटली होती आणि काखेत एक वीट होती. विटेला जुन्या लुगड्याचा तुकडा नीट गुंडाळलेला. मी दारातच उभा होतो. म्हटलं, "या सिस्टर. मी इथला कंपाउंडर."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कशावरून?"

आठ वर्षं नोकरी झाली होती माझी. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी गडबडून आत गेलो आणि खोकल्याच्या औषधाची मोठी बाटली आणून त्यांच्यासमोर धरली. का आणली ते मला अजून कळत नाही. सिस्टरांनी बूच काढून वास घेतला, चमचा मागवला, भरला आणि माझ्याच तोंडासमोर धरला.

"घ्या. तुमी बनवलं ना? मंग आधी तुमी."

तेव्हापासून औषधाची नवी बाटली तयार झाली की पहिला चमचा माझा, असा नियमच पडला. खोकला नसताना मी वर्षानुवर्षं खोकल्याचं औषध प्यालो आहे.

गावाचं नाव सांगत नाही, कारण यातली काही माणसं अजून आहेत. भंडारा जिल्ह्यात करडी गावाच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांमधलं गाव, एवढं पुरे. आणीबाणीच्या आसपासचे दिवस. सरकारी माणूस दारात दिसला की नसबंदीला न्यायला आला असं समजून पुरुष मागच्या दाराने शेताकडे पळायचे. आमच्यावर गावाचा विश्वास नव्हता, हे मी समजू शकत होतो. पण सिस्टरांचाही कशावर विश्वास नाही, हे गावाला समजायला थोडे दिवस लागले.

विटेचं सांगतो. दवाखान्याच्या आड्याला लहान लेकरांचं वजन करायचा काटा टांगलेला होता, खाली कापडाची झोळी. रोज सकाळी पहिल्या लेकराच्या आधी सिस्टर झोळीत वीट ठेवत. काट्याने तीन किलो शंभर ग्रॅम दाखवलं तरच पुढचं काम. ती वीट त्यांनी भंडाऱ्यात तीन वेगवेगळ्या दुकानांतून तोलून आणली होती. मी विचारलं, तीन कशाला? तर म्हणाल्या, "तिघायचं वजन सारखंच आलं. म्हंजे एक तं तिघंई खरे, नाही तं तिघंई सारखेच चोर." या दुसऱ्या शक्यतेची रुखरुख त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. आम्ही चेष्टेने त्या विटेला सिस्टरांचं लेकरू म्हणायचो. त्यांच्या पाठीमागे, अर्थात.

बाई पन्नाशीकडे झुकलेली, सडसडीत, काळीसावळी. पांढरं लुगडं, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. लग्न झालं होतं म्हणे, नवरा वारला म्हणे, की सोडून गेला म्हणे. त्यांच्या या स्वभावामागे काय आहे याच्या गावात चार-पाच गोष्टी चालत होत्या. मी एकीवरही विश्वास ठेवला नाही. काही माणसं जन्मतःच डावखुरी असतात, तशा या जन्मतःच संशयी होत्या, असं माझं मत. आणि खरं सांगतो, पहिली दोन वर्षं मला त्यांचा मनस्वी राग यायचा.

एकदा भंडाऱ्याहून लसीचा थर्मास एसटीने आला. सोबत वरचे एक साहेबही उतरले. सिस्टरांनी तिथेच, बस उभी असताना, थर्मासचं झाकण उघडून बोट घातलं आणि म्हणाल्या, "लस परत न्या."

साहेब तापले. "अहो, बर्फ होता त्यात! माझ्यासमोर भरला."

"होता हे नका सांगू साहेब. आहे का, ते दाखवा."

बर्फाचं पाणी झालं होतं. थर्मास उलट पावली परत गेला आणि सिस्टरांच्या नावाने वरून एक कडक पत्र आलं. त्यांनी ते पत्र उजेडात धरून सही खरी आहे का ते पाहिलं आणि फायलीला लावून टाकलं.

त्या कुणाच्या घरी पाणी पीत नसत. "उकळलं का? की नुसतं तापलं?" असं विचारायचं आणि उत्तर काहीही आलं तरी आपल्या बाटलीतलं प्यायचं. आता यातही एक गोम होती. सिस्टर बौद्ध. गावातल्या काही घरांत त्यांना पाणी विचारलं जायचं ते ओसरीच्या खाली, वेगळ्या गडव्यातून. सिस्टर प्यायच्याच नाहीत, त्यामुळे कुणी कुणाचा अपमान केला याचा निवाडा कधी लागत नसे. सगुणा आजीच्या घरी तर सिस्टर बाहेर पडल्या की ओसरीवर पाणी शिंपडलं जायचं. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. सिस्टरांनीही पाहिलं होतं. त्यांची पाठ होती, पण त्यांना सगळं दिसायचं.

ज्या लेकराची गोष्ट सांगायची आहे ते याच घरातलं. सगुणा आजीचा मुलगा देवराम, त्याला दोन मुली, आणि ऐन रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, तोंडावर तिसरीही मुलगीच झाली. पुढे तिचं नाव मंदा ठेवलं. जन्मल्यापासून तिच्या श्वासाला आवाज होता. श्वास घेतानाही घरघर आणि सोडतानाही. दूध पिताना जास्त. दोन घोट घेतले की थांबायची, धापा टाकायची, निळसर व्हायची. खोकली तर पितळेच्या भांड्यावर काही आपटावं तसा आवाज. शेजारपाजारचे म्हणाले डब्बा झाला, म्हणजे छाती भरली. पोटावर बिब्ब्याच्या डागण्यांचे ठिपके उठले. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी छातीत कफ म्हणून इंजेक्शनं दिली. चार दिवस उतार पडायचा, पुन्हा तेच. तीन महिन्यांच्या मंदाला काट्यात घातलं तर काटा तीन किलो शंभरवर थांबला. विटेएवढी. त्या दिवशी आम्ही कुणी चेष्टा केली नाही.

सिस्टरांनी त्या घरावर जणू पाळतच ठेवली. सकाळी जायच्या, भर दुपारी जायच्या, न सांगता जायच्या. इंजेक्शनचा डबा धरून मी मागे. पहिला संशय अफूचा. रोवणी-कापणीला बायका जातात तेव्हा तान्ह्यांना मोहरीएवढी अफू चाटवून निजवायची रीत होती. सिस्टरांनी मंदाच्या पापण्या उघडून बाहुल्या पाहिल्या. अफू नव्हती. मग चुलीचा धूर. पाळणा चुलीपासून लांब टांगायला लावला. फरक नाही. ताप नाही, कफ नाही, तरी घरघर आहेच. परत येताना शेताच्या धुऱ्यावरून चालता चालता म्हणायच्या, "कंपाउंडर, या घरात काईतरी लपवून राहिले."

आणि एक दिवस त्यांना ते सापडलं, असं त्यांना वाटलं. मंदा आजीच्या मांडीवर होती आणि तिची मान मांडीच्या पलीकडे मागे लोंबकळत होती. डोकं जवळजवळ उलटं. सिस्टर ओरडल्याच, "मान मोडान का लेकराची?" त्यांनी एका कापडाची घडी केली, डोक्याखाली ठेवली, मान सरळ केली आणि सुनेला बजावलं, "हे कापड काढाचं नाही. मी येऊन पाहीन."

आठ दिवस त्या आल्या आणि पाहिलं. सून घाबरट. सिस्टरांची चाहूल लागली की कापड डोक्याखाली यायचं. पण नवव्या दिवशी सिस्टर मागच्या वाडीतून आल्या. कापड खुंटीला होतं, मंदा आजीच्या मांडीवर, मान तशीच मागे.

मग सिस्टर जे बोलल्या ते मला आजही लिहवत नाही, पण लिहायला हवं. त्या म्हणाल्या, "आजी, तिसरी पोरगी आहे म्हणून करता का असं? मारून टाकाची असंल तं सरळ सांगा."

सून रडायला लागली. सगुणा आजी रडली नाही. साठी उलटलेली, हाडापेराने दणकट, शब्दाने कंजूस बाई. तिने खुंटीवरचं कापड काढलं. म्हणाली, "तू पाह्यल्याबिगर मानत नाही म्हंतेत. पाह्य मंग."

तिने घडी मंदाच्या डोक्याखाली ठेवली. हनुवटी छातीकडे झुकली. घरघर जाड झाली, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, ओठांचा रंग बदलला. आजीने कापड काढून फेकलं आणि डोकं हळूच मागे जाऊ दिलं. श्वास मोकळा झाला. आवाज होता, पण श्वास आत जात होता.

"आता पाह्य," आजी म्हणाली. "मान लोंबते नाही. थे आपली आपणच मांगं घेते. अशी निजली तरच निजते. सारी सारी रात मी मांडी हालवत नाही."

सिस्टर खाली बसल्या. मनगट उलटून घड्याळ समोर धरलं आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. मग पुन्हा एक मिनिट. उठल्या आणि चालू लागल्या. पाठीमागे ओसरीवर पाणी पडल्याचा आवाज आला. अर्ध्या धुऱ्यावर त्या थांबल्या. त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता.

"आठ दिवस कापड ठेवाले मी सांगतलं होतं, कंपाउंडर. मी."

दुसऱ्याच दिवशी त्या मंदाला घेऊन नागपूरला गेल्या. सोबत सून आणि सगुणा आजी. मी वरठीच्या स्टेशनापर्यंत गेलो होतो. पुढचं मला आजीने सांगितलं. सिस्टर स्वतःबद्दल काही सांगत नसत. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, घसा मऊ आहे, घरघर वर्षभरात आपोआप जाईल. सिस्टर खुर्चीवरून उठल्याच नाहीत. "जाईल तवा जाईल साहेब. आता काय आहे, ते दाखवा." आणि त्यांनी आजीला पुढे केलं. ज्या बाईला दोनच दिवसांपूर्वी खुनी ठरवलं होतं तिला म्हणाल्या, "आजी, मले दाखवलं तसं यायले दाखवा."

आजीने दाखवलं. डॉक्टर मोठ्या डॉक्टरांना बोलावून घेऊन आले. आजीने पुन्हा दाखवलं. मग मंदाला पांढरं औषध पाजून एक्स-रे काढले, तर अन्ननलिका मध्येच दोन्ही बाजूंनी दाबलेली दिसली.

परत आल्यावर सिस्टरांनी देवरामच्या अंगणात ते सगळं समजावून सांगितलं. माझ्याकडच्या रबराच्या दोन नळ्या घेतल्या, सुनेच्या हातातली एक बांगडी मागितली आणि दोन्ही नळ्या बांगडीतून ओवल्या. "हे श्वासाची नळी, हे अन्नाची. काळजातून निघणारी मोठी रक्ताची नळी एका बाजूनं जाते. हिची आईच्या पोटातच दोन फाटे होऊन दोन्हीकडून गेली अन् मांगं जुळली. या बांगडीसारखी. पोरगी वाढंल, बांगडी तेवढीच राहीन. मान मांगं घेतली का नळी ताणते, जरासी वाट भेटते. म्हणून थे मान मांगं घेते. कफ नाही, डब्बा नाही, कोणाची नजर नाही." मग आजीकडे न पाहता म्हणाल्या, "अन् कोणाचा दोष बी नाही."

उपाय एकच होता. मुंबईला नेऊन छाती उघडायची आणि ती बांगडी एका बाजूने कापून मोकळी करायची.

अंगणात माणसं जमली होती. कुणी म्हणालं, सरकारी लोक रक्त काढून घेतात. कुणी म्हणालं, मोठ्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टरांना हात साफ करायला गरिबांची लेकरं लागतात. देवराम चांगला माणूस होता, पण घाबरला होता. तो उठून सिस्टरांसमोर उभा राहिला.

"छाती फाडणार तिची. अन् जिवंत परत आणान, कशावरून?"

मला माझा पहिला दिवस आठवला. त्या दिवशी माझ्याकडे निदान औषधाची बाटली तरी होती. सिस्टरांच्या हातात दोन नळ्या आणि एक बांगडी. मी मनात म्हणत होतो, बाई, बोल, एकदा तरी खोटं बोल. सांग, काही होत नाही म्हणून. तसं सांगितलं असतं तर मी स्वतः दुजोरा दिला असता.

सगुणा आजीने विचारलं, "बाई, वाचंल का?"

"मले मालूम नाही," सिस्टर म्हणाल्या. "नाही नेली तं वाचाची नाही, हे मालूम आहे. नेली तं मालूम नाही."

आजीने पदर खोचला आणि मुलाकडे वळली. "जाऊ दे तिले. पाच महिने झाले, जो येते तो म्हंते, होईल बरी, होईल बरी. हे एकटी खरं बोलून राहिली."

सिस्टरांनी साठलेली सगळी रजा काढली. मुंबईला निघाल्या त्या, आजी, सून आणि मंदा. निघताना मला म्हणाल्या, "वीट रोज तोलाची." मी रोज तोलली. कसंही करून तीन किलो शंभर यायलाच हवं, असं मनात धरून तोलली. एके दिवशी काटा जरासा खाली वाटला तर मी वीट उतरवून पुन्हा तोलली. तीन आठवडे काही खबर नाही. देवराम रोज दवाखान्यात येऊन बाकावर बसायचा. मग पोस्टकार्ड आलं. सिस्टरांचं अक्षर: "ऑपरेशन झाले. मुलगी आज श्वास घेत आहे. उद्याचे उद्या कळवीन." दुसऱ्या दिवशी दुसरं कार्ड. ओळी त्याच. अशी अकरा कार्डं आली. देवरामला वाचता येत नव्हतं. मी वाचायचो आणि तो कार्ड घडी न करता टोपीत ठेवायचा.

मंदा परत आली तेव्हा अख्खं गाव पाहायला आलं, आणि पहिल्याच दिवशी कुजबुज सुरू झाली. कारण घरघर होतीच. कमी, पण होती. इतके दिवस चिमटलेली नळी एकदम ताठ होत नाही, तिला महिने लागतात, असं तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. सिस्टरांनी ते सांगून पाहिलं. पण त्यांच्या तोंडून "सांगितलं होतं" हे शब्द कसेनुसेच निघत. त्यांनाच त्यावर विश्वास नव्हता. मी तेव्हा पहिल्यांदा त्यांना भ्यालेलं पाहिलं. रोज उठून त्या देवरामच्या घरी जात, मनगट उलटत, श्वास मोजत. आणि दर सोमवारी देवराम मंदाला दवाखान्यात आणायचा. आधी वीट, मग मंदा. चार किलो. चार किलो तीनशे. मान आता सरळ ठेवून निजायची. पुढच्या रोवणीला घरघर ऐकायला कान जवळ न्यावा लागायचा, आणि दिवाळीनंतर कान नेऊनही काही ऐकू येईना. त्या हिवाळ्यात एका सोमवारी काटा दोन विटांच्या पुढे गेला. देवराम हसला, सून हसली. सिस्टरांनी मंदाला खाली काढून वीट पुन्हा तोलली. काटा बिघडला की काय, म्हणून.

ओसरीवर पाणी शिंपडणं कधी बंद झालं ते मला सांगता येणार नाही. मी लक्ष ठेवून होतो, पण एक दिवस ते नव्हतंच. सिस्टर मात्र पाणी आपल्याच बाटलीतलं प्यायच्या.

नऊ-दहा वर्षांनी त्या निवृत्त झाल्या आणि भावाकडे राहायला निघाल्या. वरठीच्या फलाटावर मी ट्रंक घेऊन गेलो होतो. पाहतो तर बाकावर सगुणा आजी बसलेली, पार वाकलेली. सोबत मंदा, चौथीतली, दोन वेण्या, पेरू खात उभी. सिस्टरांनी तिच्या पाठीला कान लावला आणि मनगट उलटलं.

"बाई, मी बरी आहो," मंदा लाजून म्हणाली. फलाटावरचे लोक पाहत होते.

"तुले इचारलं काय मी?" पूर्ण मिनिट मोजून झालं, मग सोडलं. मंदा पळत नळाकडे गेली.

तेव्हा आजी बोलली. मी जवळच होतो, पण तिला माझी फिकीर नव्हती.

"बाई, तू त्या दिवशी बोलली होती ना, तिसरी पोरगी म्हणून. तू खोटं नाही बोलली. पयले आठ दिवस माह्या मनात तेच होतं. मी देवाले म्हंतलं होतं, घेऊन जाय हिले. मंग एका दिवशी मांडीवर घेतली, अन् तिनं मान मांगं टाकली, अन् श्वास सुटला तिचा. तईपासून नाही आलं मनात. पण आलं होतं. कोणाले सांगतलं नाही मी. तुले सांगतो."

गाडीचा आवाज लांबून येऊ लागला होता. मला वाटलं, झालं, आता सिस्टर म्हणतील, मला माहीत होतं. आयुष्यभराचा त्यांचा संशय एकदाचा खरा ठरला होता, तोही आरोपीच्याच तोंडून.

सिस्टर म्हणाल्या, "मी नाही मानत."

"खरं सांगून राहिलो, बाई," आजी म्हणाली.

"पाह्यल्याबिगर मानत नाही मी, आजी. मनातलं मले दिसत नाही. मांडीवर होती, थे मी पाह्यलं."

आजीने लुगड्याचा पदर तोंडाला लावला. सिस्टर तिच्याजवळ बाकावर बसल्या, गाडी येऊन थांबेपर्यंत.

मी ट्रंक आत ठेवली. सिस्टर खिडकीशी बसल्या. वीट त्यांनी नेली नव्हती, ती दवाखान्यातच होती, लुगड्याच्या त्याच तुकड्यात. गाडी हलली तशी त्यांनी खिडकीतून विचारलं, "कंपाउंडर, आज वीट तोलली का?"

"तोलली," मी म्हटलं. सकाळच्या गडबडीत राहून गेली होती.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, गाडी वळेपर्यंत. एका शब्दावरही विश्वास बसला नव्हता, हे इतक्या लांबूनही मला दिसलं. मी सायकल हाणत गावाला आलो, दवाखाना उघडला आणि आधी वीट तोलली.